पेशव्यांची सनद आणि हेगचे न्यायासन

सवाई माधवरावांच्या नावे नाना फडणीस पुण्याचा कारभार पाहत असताना, १७७९ च्या डिसेंबर महिन्यात, मराठ्यांच्या दरबाराने पोर्तुगीजांशी जो तह केला, त्यातील सतराव्या कलमाने दमणलगतच्या मुलखातील सालिना बारा हजार रुपये महसुलाची गावे पोर्तुगीजांकडे लावून देण्याचे ठरले आणि पुढे १७८३ व १७८५ साली निघालेल्या सनदांनी त्या कलमाची अंमलबजावणी झाली. पावणेदोनशे वर्षांनंतर हेच दस्तऐवज नेदरलँड्समधील हेग नगरीत, जगाच्या निरनिराळ्या खंडांतून निवडून आलेल्या न्यायाधीशांसमोर उलगडले जातील आणि त्यांतील ‘जहागीर’ व ‘सरंजाम’ या शब्दांचा आशय ठरविण्यासाठी युरोपातील नामांकित विधिज्ञ एकमेकांशी वाद घालतील, ही कल्पना त्या तहावर शिक्का उठविणाऱ्या कारकुनाच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते. तरीही तसे घडले. आणि आजच्या आंतरराष्ट्रीय कलहांत कायद्याला काही स्थान आहे की नाही, असा प्रश्न युक्रेन आणि गाझा येथील वार्ता वाचून ज्या वाचकाच्या मनात उद्वेगाने उभा राहतो, त्याने उत्तराचा शोध या आपल्या घरच्या दाव्यापासून आरंभावा, असे मला मनापासून वाटते.

दाव्याची हकीकत अशी. दादरा आणि नगर हवेली हे दोन प्रदेश चोहोबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले होते; समुद्रकाठच्या दमणहून तेथे पोहोचावयाचे, तर मधला तत्कालीन मुंबई राज्याचा मुलूख ओलांडणे पोर्तुगीज अधिकाऱ्यांना अपरिहार्य होते. २१ जुलै १९५४ च्या रात्री स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा मुक्त केले आणि २ ऑगस्ट रोजी नगर हवेलीची राजधानी सिल्वासा हाती आली. या मुक्तिसंग्रामात गोमंतकीयांच्या बरोबरीने महाराष्ट्रातील तरुण होते आणि ज्यांच्या स्वरांनी मराठी घरे पुढे भारून टाकली ते सुधीर फडके हेही त्यांत होते. उठाव दडपण्यासाठी भारतातून वाट मिळावी, अशी पोर्तुगालने मागणी केली. भारत सरकारने ती नाकारली. आणि मग लिस्बनच्या मुत्सद्द्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाव घेतली.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. आपल्या दिवाणी न्यायालयात फिर्याद दाखल झाली की प्रतिवादीची इच्छा असो वा नसो, समन्स निघते. हेगच्या न्यायालयाचे तसे नाही. सार्वभौम राष्ट्रावर त्याचा अधिकार चालतो तो त्या राष्ट्राने स्वतः दिलेल्या संमतीमुळे, मग ती संमती एखाद्या करारातील कलमाने दिलेली असो, विशिष्ट दाव्यापुरती असो, अथवा ‘जे राष्ट्र हे बंधन मान्य करील त्याच्यापुरते आम्हीही मान्य करतो’ अशा सर्वसाधारण घोषणेने दिलेली असो. भारताच्या वतीने अशी घोषणा ब्रिटिश अमदानीत, १९४० साली, झालेली होती. पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले १४ डिसेंबर १९५५ रोजी. त्याने १९ डिसेंबरला आपली घोषणा नोंदविली आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा गुदरला. तीन दिवसांत साधलेल्या या चपळाईला भारताने हरकत घेतली, तसेच आणखीही आक्षेप घेतले. परंतु न्यायालयाने अखेरीस ते सारे फेटाळून दावा चालविण्याचा निर्णय दिला.

भारताने त्यानंतर पाठ फिरविली असती, तर त्याला ओढून नेणारा बेलिफ जगात कोठेही नव्हता. तरीही ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड भारताची बाजू मांडीत राहिले, आणि खंडपीठावर भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला बसले. आपल्या स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केलेल्या भूमीविषयी परक्या न्यायासनापुढे जाब द्यावयाचा, हे नवस्वतंत्र राष्ट्राच्या स्वाभिमानाला सोपे नव्हते. म्हणूनच तो संयम मला त्या काळच्या आपल्या परराष्ट्र व्यवहारातील एक श्रेष्ठ गुण वाटतो.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. तहाच्या निरनिराळ्या प्रती तपासून न्यायालयाने म्हटले की, पेशव्यांनी दिली ती महसुलापुरती जहागीर होती. तीमुळे सार्वभौमत्व पोर्तुगालकडे गेले असे म्हणता येत नाही. भारताचा हा मुद्दा मान्य झाला, पण निकाल येथे संपला नाही. १८१८ नंतर मराठ्यांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी त्या गावांवरील पोर्तुगीज सत्तेला हरकत घेतली नाही, ती अंशाअंशाने गृहीत धरली, आणि सव्वाशे वर्षे खाजगी लोक, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल त्या वाटेने निर्वेधपणे ये-जा करीत राहिले. एवढा दीर्घकाळ दोन राज्यांमध्ये अखंड चाललेला परिपाठ हा, कोणत्याही लेखी कराराखेरीज, परस्परांवर बंधनकारक ठरू शकतो, असा सिद्धान्त न्यायालयाने मांडला. मामलेदार कचेरीत बांधावरच्या वाटेचा तंटा पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला यातील तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडू नये. वहिवाटीने हक्क निर्माण होतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो.

मात्र वहिवाट जितकी सिद्ध तितकाच हक्क. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना इंग्रजांच्या काळीही पूर्वपरवानगीवाचून वाट मिळत नव्हती. म्हणून त्यांच्यापुरता पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या बहुमताने नाकारला. मुलकी वाटेचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. परंतु ती वाट नियंत्रित करण्याचा अधिकार भारताला होताच आणि १९५४ च्या उन्हाळ्यानंतर सीमेवर जी तंग परिस्थिती निर्माण झाली होती, तीत ती रोखण्यात भारताने कोणताही कर्तव्यभंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. परकीय सत्तेखाली राहावयाचे की नाही, हा तेथील वारली, कोकणा व इतर रहिवाशांचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. जो प्रश्न विचारला गेला त्याचेच उत्तर द्यावयाचे, ही त्या न्यायासनाची मर्यादा आहे. जगातील अन्यायांची दाद तेथे पूर्णपणे लागत नाही म्हणून कष्टी होणाऱ्यांनी तिचा विचार करावा. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा आणि नगर हवेली भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाली.

निकालानंतर वीस महिन्यांनी भारतीय सेना गोव्यात शिरली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधी व माघारीची मागणी करणाऱ्या ठरावाच्या बाजूने ७ आणि विरुद्ध ४ मते पडली. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो ठराव पडला. बळाचा वापर संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेने निषिद्ध ठरविला असता भारताने तो केला, हा आक्षेप हलका नव्हता. वसाहतवाद हेच एक अखंड चाललेले आक्रमण होय, ही भारताची भूमिका होती, आणि महासभेने १४ डिसेंबर १९६० रोजी वसाहतींच्या स्वातंत्र्याविषयी केलेला जाहीरनामा तिच्या पाठीशी होता. माझा कल त्या भूमिकेकडे आहे; पण तिचा दाखला देऊन उद्या कोणी कोठेही सेना घुसवू लागला तर काय, हा प्रश्न मला सोडीत नाही. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस, तेथील हुकूमशाही कोसळल्यानंतर.

संमतीचे तत्त्व दोन्ही बाजूंनी कापते. १९९९ च्या ऑगस्टमध्ये कच्छच्या सीमेवर भारतीय हवाई दलाने पाकिस्तानी नौदलाचे विमान पाडले, तेव्हा पाकिस्तानने हेगला दावा लावला. राष्ट्रकुलातील देशांशी असलेले तंटे आपण न्यायालयाच्या अधिकारातून वगळले आहेत, हे भारताने दाखवून दिले आणि २००० साली दावा अधिकाराअभावी निकालात निघाला. उलट २०१७ मध्ये माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने देहदंड फर्मावला, तेव्हा वाणिज्यदूतविषयक १९६३ च्या व्हिएन्ना कराराशी जोडलेल्या पूरक करारपत्राला दोन्ही देशांनी पूर्वीच मान्यता दिलेली असल्यामुळे भारताला हेगचे दार उघडे मिळाले. दावा ८ मे रोजी दाखल झाला आणि १८ मे रोजी शिक्षेची अंमलबजावणी रोखणारा हंगामी हुकूम निघाला. नागपुरात वाढलेले हरीश साळवे यांनी भारताची वकिली केली. १७ जुलै २०१९ च्या निकालाने पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचे १५ विरुद्ध १ मतांनी ठरविले आणि शिक्षेच्या प्रभावी फेरविचाराचा आदेश दिला. शिक्षा रद्द करून सुटका करण्याची मागणी मात्र अमान्य झाली. पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका कागदाने फाशीचा दोर थांबविला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आणि वहिवाटीचे तत्त्व? ते आज सर्वांत मोठ्या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा उभे राहिले आहे. प्रशांत महासागरातील वानुआतू या बेटांच्या देशात २०१९ साली कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी अशी कल्पना मांडली की, हवामान बिघडवणाऱ्या राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी काय, हे हेगच्या न्यायालयालाच विचारावे. वानुआतूच्या शासनाने ती उचलून धरली, १३२ राष्ट्रे सहप्रस्तावक झाली, आणि २९ मार्च २०२३ रोजी महासभेने सर्वसंमतीने न्यायालयाचे सल्लागारी मत मागविले. अशा मतासाठी कोणा प्रतिवादीची संमती लागत नाही, हे त्या मार्गाचे वैशिष्ट्य. ते निकालासारखे बंधनकारक नसते, ही त्याची उणीव.

डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारताने बाजू मांडली ती अशी की, हवामानविषयक करारांत कर्तव्ये ठरलेली आहेत, ऐतिहासिक उत्सर्जनाचा मुख्य भार प्रगत राष्ट्रांवर आहे, आणि न्यायालयाने नवी बंधने लादू नयेत. २३ जुलै २०२५ रोजी न्यायाधीशांनी एकमताने दिलेल्या मतात राष्ट्राराष्ट्रांच्या भिन्न कुवतीचे तत्त्व मान्य झाले. परंतु कर्तव्ये करारांपुरतीच आहेत, हे म्हणणे मान्य झाले नाही. दुसऱ्याच्या पर्यावरणाला लक्षणीय हानी पोहोचू न देण्याचे कर्तव्य रूढीने सर्वच राष्ट्रांवर आहे, आणि जीवाश्म इंधनांचे उत्पादन, परवाने वा अनुदाने यांबाबत एखादे राष्ट्र योग्य ती दक्षता घेत नसेल, तर ते आंतरराष्ट्रीय अपकृत्य ठरू शकते, असे न्यायालय म्हणाले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, माळढोकाच्या रक्षणासंबंधीच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क संविधानाच्या चौदाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांतून निघतो, असे म्हटलेलेच आहे. उद्या उधाणाच्या भरतीने बांध फुटून खारे पाणी शेतात शिरलेला कोकणातील एखादा खातेदार उच्च न्यायालयाची पायरी चढला, तर त्याच्या वकिलाला या निकालाशेजारी हेगचे ते मतही ठेवता येईल, आणि शासनाला त्याला उत्तर द्यावे लागेल.