बोर्ड जळाला, पण का जळाला?



आज बोलू या इंडक्शन शेगडीच्या जळालेल्या बोर्डाबद्दल. विषय मेकॅनिकचा वाटेल, पण याच बोर्डावरून आमच्या गटात मोठी कुरबूर झाली होती. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आमच्या बचत गटाचं चहा-नाश्त्याचं छोटं काम आहे. त्यासाठी २००० वॅटची शेगडी घेतली. एके दिवशी जळका वास आला आणि शेगडी बंद पडली. दुरुस्तीवाल्याने नवा बोर्ड टाकला. महिनाभरात तोही जळाला. शेगडी सांभाळणाऱ्या ताईंवर आम्ही सगळ्यांनी बोट दाखवलं. दूध उतू गेलं असेल, पाणी सांडलं असेल! बोर्डाचे पैसे त्यांच्या वाट्यातून कापायचे, इथपर्यंत बोलणं गेलं. ताई काहीच बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "एकदा माझ्यासमोर उघडून दाखवा."

मग दुसऱ्या मेकॅनिकदादांकडे गेलो आणि शेजारी बसून सगळं पाहिलं. आत दुधाचा डाग नव्हता की गंज नव्हता. काळं पडलं होतं एकाच ठिकाणी, जिथे मुख्य वायरीची क्लिप बोर्डाला खोचलेली असते तिथे. क्लिप सैल होती आणि वायरीचं आवरण कडक होऊन तडकलं होतं. पहिल्या वेळी बोर्ड नवा बसवला, पण त्यावर क्लिप जुनीच, ढिली झालेली खोचली. म्हणून नवा बोर्डही त्याच जागी जळाला.

सैल जोडाने एवढं जळतं कसं? साधा हिशेब आहे. २००० वॅटला २३० व्होल्टने भागलं की येतात सुमारे ८.७ अँपिअर. एवढा प्रवाह जाताना सैल जोडात नुसता अर्धा ओहम अडथळा असला, तरी त्या टिचभर जागेत सुमारे ३८ वॅट उष्णता तयार होते. डाग द्यायची साधी इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, २५ वॅटची असते. म्हणजे शेगडी पूर्ण आचेवर असली की आत त्याहून गरम काहीतरी बोर्डाला टेकवून ठेवल्यासारखंच झालं!

आता दुरुस्ती कशी झाली ते ऐका. दादांनी आधी पिन काढली, पण लगेच हात घातला नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो आणि पिन काढल्यावरही झटका बसू शकतो. त्यांनी मीटरने तपासून, तो दाब उतरवून मगच काम सुरू केलं. म्हणून सखींनो, शेगडी घरी उघडू नका.

मग जळालेला काळा भाग त्यांनी पूर्ण खरवडून काढला. ती काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. काजळी ठेवून वरून डाग दिला तर पुन्हा ठिणगी पडते. खरवडल्यावर जागा स्पिरिटने पुसली. जळून गेलेल्या तांब्याच्या पट्टीऐवजी जाड तांब्याची तार जोडली. वायरीचं जळकं टोक कापून नवी क्लिप घट्ट दाबून बसवली. आयजीबीटी नावाचा भाग तपासला. तो कॉइलचा प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालू-बंद करतो, आणि तो शॉर्ट झाला की फ्यूज उडतो. आमचा शाबूत होता.

शेवटी शेगडी थेट न लावता वाटेत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडला. आत शॉर्ट राहिला असता तर बल्ब लख्ख पेटला असता आणि नवे भाग वाचले असते. बल्ब विझलेला राहिला, तेव्हाच शेगडी थेट लावली.

दादांनी एक गोष्ट बजावली. जळण बोर्डाच्या आत खोलवर गेलं असेल, तर डागडुजी न करता बोर्डच बदलावा.

आता आपलं काम. शेगडीला १६ अँपिअरचं सॉकेट हवं. मल्टीप्लग किंवा एक्स्टेंशनवर ती लावू नका. पिन गरम लागली, सॉकेट पिवळं पडलं किंवा जळका वास आला, तर त्याच क्षणी बंद करा. खालची पंख्याची जाळी पुसत राहा. फ्यूज उडाला तर तिथे साधी तार घालू देऊ नका, तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज मागा. आणि दुरुस्तीवाल्याला "किती झाले?" विचारण्याआधी "का जळाला?" हे विचारा. जुनी वायर, जुनी क्लिप दाखवायला सांगा.

पुढच्या मासिक बैठकीत आम्ही ताईंची माफी मागितली आणि पैसे कापायचे नाहीत, असं इतिवृत्तात लिहून घेतलं. दोष सैल क्लिपचा होता. आम्ही मात्र न उघडता, न पाहता तो एका बाईच्या माथी मारला होता.

आज घरी गेल्यावर शेगडी बंद करून तिची पिन तेवढी बोटाने चाचपून बघा.