गिटारच्या लहान ॲम्प्लिफायरसाठी व्हॉल्वची निवड

आमच्या पिढीतील वाचकांना घरातील व्हॉल्वचा रेडिओ खचित आठवत असेल. बटण फिरविले की आतील तारा हळूहळू लाल होत आणि आवाज येईपर्यंत सारे घर कान देऊन बसे. ट्रान्झिस्टर आला आणि ते व्हॉल्व अडगळीत गेले. गिटार वाजविणाऱ्यांनी मात्र त्यांची साथ सोडली नाही. कारण जोर वाढला तरी व्हॉल्वचा सूर एकदम फाटत नाही, क्रमाक्रमाने भरदार होत जातो.

मस्कत येथे अध्यापन करीत असताना शेजारच्या रत्नागिरीकर कुटुंबातील मुलगा एके सायंकाळी आमच्याकडे आला. त्याच्या 15 वॅटच्या ॲम्प्लिफायरमधून सारखी कडकड ऐकू येत होती. शाळेचे संमेलन आठवड्यावर आलेले. दुकानदाराने तिन्ही प्रीॲम्प व्हॉल्व बदलावयास सांगितले होते आणि मुलगा वर्षभर साठविलेले रियाल खिशात घालून निघाला होता.

"सर, तिन्ही एकदम बदलू ना?"

आम्ही म्हटले, "तिन्ही बदलल्यास दोष कोणाचा होता, हे तुला कधी कळेल?"

शिक्षकाचा नियम साधा आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही ॲम्प्लिफायर बंद करून प्लग काढविला आणि काचा थंड होऊ दिल्या. आतील पेटी उघडावयाची नाही, असे बजावले. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा प्राणघातक साठा राहू शकतो. मग पहिल्या आणि तिसऱ्या जागेच्या व्हॉल्वची अदलाबदल केली. कडकड तशीच राहिली. म्हणजे व्हॉल्व निर्दोष ठरला. समुद्राच्या दमट हवेने पहिल्या सॉकेटमध्ये मळ धरला होता. पुन्हा वीज तोडून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या, व्हॉल्व दोनतीनदा काढून बसविला, आणि आवाज स्वच्छ झाला.

आता निवडीविषयी. पहिल्या जागेचा व्हॉल्व सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचा गुणदोष पुढे अनेक पटींनी वाढतो. तेथे बहुधा ईसीसी 83 असतो. अमेरिकेत त्यालाच 12 एएक्स 7 म्हणतात. त्याचा वर्धनांक 100. सूर लवकर फाटत असल्यास 70 वर्धनांकाचा 5751 किंवा सुमारे 45 चा 12 एवाय 7 त्याच जागी बसतो. नवा व्हॉल्व घेतल्यावर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून घंटेसारखा नाद उमटला, तर तो पहिल्या जागी ठेवू नये.

एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व मिळत. आज नवे व्हॉल्व मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून येतात. जुन्या शिक्क्याला भुलून चौपट दाम मोजण्याचे कारण नाही. अमेरिकेतून 120 व्होल्टचा ॲम्प्लिफायर आणल्यास मात्र ओमानच्या 240 व्होल्टवर तो थेट लावू नये. इस्रायलमधील वाचकांनीही हे ध्यानी ठेवावे.

त्या मुलाने अखेर एकच 5751 घेतला आणि उरलेले रियाल आईच्या हाती ठेवले. संमेलनात तो वाजवीत असता आम्ही पहिल्या रांगेत होतो. कडकड ऐकू आली नाही.