खिळ्यांच्या गर्दीतलं नाणं : मेटल डिटेक्टरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल इथे रोमन सैन्याचा मोठा तळ होता. इसवी सन 87च्या सुमारास सैन्य तिथून हललं, तेव्हा इमारती मोडल्या गेल्या आणि लोखंडी खिळ्यांचा साठा एका खोल खड्ड्यात पुरला गेला. शत्रूला त्यातून हत्यारं घडवता येऊ नयेत, हा हेतू असावा असं अभ्यासक मानतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर इयन रिचमंड यांच्या उत्खननात हा साठा बाहेर आला. खिळ्यांची संख्या पावणेनऊ लाखांच्या घरात होती.

एका तळावर उरलेलं लोखंड एवढं. वस्ती असो, छावणी असो की रणभूमी, माणूस जिथे वावरला तिथली माती खिळ्यांनी भरलेली असते. आणि जुनी नाणी, बटणं, बकलं, शिशाच्या गोळ्याही नेमक्या त्याच मातीत असतात. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कल्पेपर परगण्यात 1863-64च्या हिवाळ्यात, यादवी युद्धाच्या काळात, उत्तरेच्या फौजेचा मुक्काम होता. सैनिकांनी लाकडी झोपड्या बांधल्या, शिध्याची खोकी फोडली. लाकूड कुजलं, जळलं, खिळे राहिले. आज तिथे जमीनमालकाच्या परवानगीने डिटेक्टर फिरवणाऱ्याला गणवेशाचं एक पितळी बटण मिळण्याआधी खिळ्यांचा कल्लोळ ऐकावा लागतो.

अशा जमिनीत यंत्र कसं लावावं, याबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच कल्पनेतून निघतात : लोखंडाचा आवाज बंद केला की काम सोपं होतं. प्रत्यक्षात लोखंड बंद केलं की त्याच्याजवळची चांगली वस्तूही बंद होते. लोखंड ऐकत ऐकतच तिला वेगळं काढावं लागतं.

गैरसमज 1 : डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचा आवाज दाबणारं सेटिंग, वाढवलं की खिळे गायब होतात आणि फक्त नाणी वाजतात.

वस्तुस्थिती : डिटेक्टरची कॉइल, म्हणजे टोकाचं तारेचं वेटोळं, जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडते. धातूमध्ये त्यामुळे छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइलकडे परत येतो. चांदी, तांबं, शिसं, लोखंड यांच्या प्रतिसादाचा विलंब वेगवेगळा असतो. त्यावरून यंत्र धातू ओळखतं. पण कॉइलखाली एकाच वेळी खिळा आणि नाणं असेल, तर दोघांचा प्रतिसाद मिसळून येतो. डिस्क्रिमिनेशन या मिश्रणाला लोखंड ठरवतं आणि अख्खा सिग्नल टाकून देतं. नाणं तिथेच असतं, आपल्याला फक्त शांतता ऐकू येते. यालाच मास्किंग म्हणतात.

ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गार्फिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युत उपकरण बनवून आणलं. गार्फिल्ड ज्या गादीवर होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यांच्यामुळे आवाज भलतीकडेच येत राहिला. शिवाय डॉक्टरांनी शोध उजव्या अंगापुरता ठेवला होता, आणि गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला निघाली, तीही शवविच्छेदनात.

म्हणून खिळ्यांच्या जमिनीत डिस्क्रिमिनेशन शून्यावर किंवा शून्याच्या जवळ ठेवावं. लोखंडाला खालचा, घोगरा सूर द्यावा आणि बाकी धातूंना वरचा. ज्या यंत्रात लोखंडाच्या आवाजाची पातळी वेगळी बदलता येते, तिथे ती इतकी कमी करावी की कान दमणार नाहीत. पण पूर्ण बंद करू नये.

गैरसमज 2 : सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवली की खोलवरचं सापडतं.

वस्तुस्थिती : कॉइलचं क्षेत्र जमिनीत उतरताना झपाट्याने क्षीण होतं, आणि वस्तूचा प्रतिसाद वर येतानाही तेवढ्याच वेगाने क्षीण होतो. कॉइलच्या आकाराच्या पलीकडे गेलं की लहान वस्तूच्या बाबतीत हा परिणाम अंतराच्या सहाव्या घाताइतका होतो : खोली दुप्पट झाली, तर प्रतिसाद चौसष्टावा हिस्सा उरतो. बटण कितीही फिरवलं तरी खोलीत पडणारी भर थोडीच असते.

याउलट लोखंडाने भरलेल्या जमिनीत जास्त सेन्सिटिव्हिटी म्हणजे बाजूचे आणि खालचे आणखी खिळे ऐकू येणं. मातीतल्या खनिजांचा गोंगाट त्यात मिसळतो. तेव्हा यंत्राची बडबड थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवावी. अशा जागी निसटलेल्या पुष्कळ वस्तू पंधरा सेंटिमीटरच्या आतच असतात. आवाक्यातच असतात, पण खिळ्याच्या आड.

गैरसमज 3 : कॉइल जेवढी मोठी, तेवढी चांगली.

वस्तुस्थिती : मोकळ्या, स्वच्छ शेतात मोठी कॉइल उपयोगी, कमी फेऱ्यांत जास्त जमीन होते. खिळ्यांच्या जागी मात्र अकरा इंची कॉइलखाली एका वेळी पाच-सहा खिळे येतात आणि सहा इंची कॉइलखाली एखाद-दुसरा. खोली थोडी कमी मिळते, पण दोन खिळ्यांच्या मधलं बटण वेगळं वाजण्याची संधी वाढते. पडक्या घराच्या जोत्यापाशी किंवा चुलीच्या जागी लहान कॉइलला पर्याय नाही.

गैरसमज 4 : रिकव्हरी स्पीड कायम सर्वांत वर ठेवावा आणि कॉइल झपाझप फिरवावी.

वस्तुस्थिती : एक सिग्नल संपवून पुढचा ऐकायला यंत्र किती लवकर तयार होतं, ते या सेटिंगवर ठरतं. मिनलॅबच्या इक्विनॉक्स 800मध्ये त्याचे 1 ते 8 टप्पे आहेत. इतर कंपन्या त्यालाच रिॲक्टिव्हिटी वगैरे नावं देतात. टप्पा वाढवला की जवळजवळच्या वस्तू सुट्या वाजतात, पण सिग्नल तोकडा होतो आणि खोलवरचा क्षीण आवाज किरकिरीसारखा वाटून निसटतो. खिळे दाट असतील तिथे वरचे टप्पे, विरळ होतील तसे मधले, असा बदल चालता चालता करायचा असतो.

कॉइलचा वेग ही वेगळी गोष्ट. दाट लोखंडात हात सावकाशच चालला पाहिजे आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. घाईने फिरवलेली कॉइल कोणत्याही सेटिंगला वाया घालवते.

याच्याच जोडीला आयर्न बायस येतो. संशयास्पद सिग्नलला लोखंड म्हणायचं की नाही, हा कौल तो देतो. तो वाढवला तर फसवे खिळे कमी होतात, पण खिळ्याला चिकटलेलं नाणंही लोखंडात जमा होतं. जुन्या वस्तू शोधणाऱ्याने तो कमी ठेवावा आणि थोडे जास्त खिळे खणण्याची तयारी ठेवावी.

गैरसमज 5 : पडद्यावरचा आकडा म्हणजे वस्तूची ओळख.

वस्तुस्थिती : आकडा हा मिश्रणाचा असतो. शेजारचा खिळा चांदीच्या नाण्याचा आकडा खाली ओढतो, खोलीवरची खनिजयुक्त मातीही ओढते. उलट घोड्याचा नाल, वॉशर, पत्र्याचा सपाट तुकडा यांच्यात विद्युतप्रवाह एवढा जोरात फिरतो की ते चांदीच्या ऐटीत वाजतात. वाकलेला खिळाही टोकापाशी वरचा सूर काढतो.

यावर उपाय कानाचा आणि पायाचा आहे. सिग्नल लागला की त्याच्याभोवती काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवावी. खिळा एका दिशेने वरचा सूर देतो आणि दुसऱ्या दिशेने घोगरा होतो किंवा तुटतो. शिवाय जमिनीत त्याची जागा सरकल्यासारखी वाटते. नाणं बहुधा जागा सोडत नाही. एकाच दिशेने वाजणारा, पण दर फेरीला त्याच ठिकाणी येणारा बारीक उंच सूर खणण्याजोगा असतो. खिळ्याच्या आडून नाणं असंच अर्धवट वाजतं.

हे समजून घ्यायला एक साधा प्रयोग पुरे आहे. तो घरातल्या फरशीवर करू नये. स्लॅबमधल्या सळ्या सगळं बिघडवतील. मोकळ्या मातीवर चार लांब खिळे आडवेतिडवे ठेवून मध्ये एक नाणं ठेवावं. आजची एक आणि दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. म्हणून तांब्याचा जुना पैसा किंवा पितळेचा तुकडा घ्यावा. मग चारही दिशांनी कॉइल फिरवत एकेक सेटिंग बदलावं. डिस्क्रिमिनेशन चढवल्यावर नाणं कोणत्या क्षणी गप्प होतं आणि रिकव्हरी स्पीड वाढवल्यावर ते पुन्हा कधी बोलतं, हे एकदा स्वतः ऐकलं की माहितीपुस्तिकेतली अर्धी पानं आपोआप उलगडतात. मात्र इथे सगळं एका पातळीत आहे. जमिनीत खिळा वर आणि नाणं खाली असतं, तेव्हा काम आणखी कठीण होतं.

गैरसमज 6 : ग्राउंड बॅलन्स कुठेही, एकदा केला की झालं.

वस्तुस्थिती : मातीतही चुंबकीय खनिजं असतात. यंत्राने तिचा प्रतिसाद ओळखून बाजूला ठेवावा, यासाठी कॉइल जमिनीवर खाली-वर करून ग्राउंड बॅलन्स साधतात. हे खिळ्यावर केलं, तर यंत्र त्या लोखंडालाच माती समजतं आणि पुढचं सगळं चुकतं. आधी धातू नसलेला कोपरा शोधावा, तिथे बॅलन्स करावा, आणि मातीचा रंग किंवा ओल बदलली की पुन्हा करावा.

कल्पेपरची लाल माती यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे अनेक जण पल्स इंडक्शन जातीची यंत्रं वापरतात. ती खनिजांना दाद देत नाहीत, पण लोखंड ओळखण्यात कच्ची असतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइट असतं आणि कोकणचा जांभा लोहयुक्त असतो. आपल्याकडे भूगर्भ किंवा पुरातत्त्वाच्या अधिकृत सर्वेक्षणात डिटेक्टर चालवणाऱ्यालाही हा धडा सोडता येत नाही.

गैरसमज 7 : लोखंड म्हणजे कचरा.

वस्तुस्थिती : इंग्लंडमधल्या टाउटनच्या रणभूमीवर, जिथे 1461मध्ये लढाई झाली, डिटेक्टरने लोखंडी बाणाग्रं सापडली. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नला 1876च्या लढाईत लष्करी अधिकारी कस्टर यांच्या तुकडीचा पराभव झाला. 1983च्या वणव्यात तिथलं गवत जळून गेलं आणि 1984मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना घेऊन सगळं रणांगण पिंजून काढलं. मिळालेल्या प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर नोंदली. काडतुसावरच्या फायरिंग पिनच्या खुणा जुळवून एकेक बंदूक रणांगणात कुठून कुठे सरकली, हे त्यांना मांडता आलं. तिथेही लोखंडी बाणाग्रं निघाली.

डिस्क्रिमिनेशनवर विसंबून हिंडणाऱ्याला ही बाणाग्रं कधीच ऐकू आली नसती. शिवाय खिळ्यांची दाटी स्वतःच माहिती असते : ती कुठे सुरू होते आणि कुठे विरते, यावरून नाहीशा झालेल्या झोपडीची कड कळते.

गैरसमज 8 : यंत्र आपलं, तर सापडलेलंही आपलं.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळांवर डिटेक्टरला बंदी आहे, आणि 1996च्या कायद्याखाली येणारा ठेवा चौदा दिवसांत कळवावा लागतो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत असा शोध बेकायदा आहे. त्यात जतन केलेल्या रणभूमीही येतात.

भारतात 1878चा निधी कायदा अजून लागू आहे : जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. केंद्राच्या 1958च्या आणि महाराष्ट्राच्या 1960च्या कायद्याने संरक्षित केलेल्या गडकोटांवर, लेण्यांवर, प्राचीन स्थळांवर परवान्याशिवाय खणता येत नाही. गडावर श्रमदान करताना तोफगोळा किंवा नाणं दिसलं, तर ते उचलू नये. फोटो काढावा, जागा टिपून ठेवावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं.

लिटल बिगहॉर्नचं रिकामं काडतूस बाजारात मांडलं तर थोडेफार पैसे देईल. ते नेमकं कोणत्या जागी पडलं होतं हे नोंदलं, तेव्हाच लढाईचा क्रम कळला. डिटेक्टरची सगळी सेटिंग्ज शिकायची ती यासाठी : जमिनीत जे आहे ते पुरतं ऐकता यावं, आणि जे निघेल त्याची जागा नोंदल्याशिवाय ते हलवलं जाऊ नये.