दांपत्यजीवनातील क्रोध व संघर्ष आणि ख्रिस्ती समुपदेशन : एक विवेचन

प्रस्तावना

पती-पत्नीचे भांडण ही चार भिंतींच्या आतली बाब मानण्याची प्रथा आपल्या समाजात रूढ आहे. भांडण हाताबाहेर गेले म्हणजे भावकी बसते, माहेरची माणसे येतात, गावातील चार प्रतिष्ठित मंडळी मध्यस्थी करतात आणि बहुधा सुनेला नांदायला पाठवून प्रश्न मिटल्याचे समजले जाते. ख्रिस्ती समाजात या मंडळींच्या जोडीला आणखी एक व्यक्ती असते, ती म्हणजे पाळक किंवा धर्मगुरू. विवाह त्यानेच लावलेला असतो, मुलांचा बाप्तिस्माही बहुधा त्यानेच केलेला असतो. त्यामुळे घर फुटू लागले की पहिली हाक त्यालाच जाते.

या परंपरागत मध्यस्थीला विसाव्या शतकात मानसशास्त्राची जोड मिळून ख्रिस्ती समुपदेशन ही स्वतंत्र शाखा आकारास आली. प्रस्तुत लेखात दांपत्यजीवनातील क्रोध व संघर्ष यांच्या संदर्भात या शाखेची भूमिका व कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे. क्षमेची शिकवण ज्या धर्माच्या केंद्रस्थानी आहे, त्या धर्माच्या चौकटीतील समुपदेशन मार खाणाऱ्या स्त्रीला अधिक सोसायला लावते की तिला आधार देते, हा या विवेचनातील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर बव्हंशी समुपदेशनातील पायऱ्यांच्या क्रमावर अवलंबून आहे.

क्रोधाविषयीची ख्रिस्ती भूमिका

ख्रिस्ती धर्मात क्रोध हे सरसकट पाप मानले आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात राग येणे गृहीत धरले आहे. रागाच्या भरात पाप घडू नये आणि राग सूर्यास्तापलीकडे बाळगू नये, एवढीच तेथे अपेक्षा आहे. म्हणजे क्रोधाला बंदी नाही, मुदत आहे. त्याच अध्यायात पुढे मनातील कडवटपणा, संताप, राग, आरडाओरड आणि निंदा यांचा वेगवेगळा उल्लेख येतो. समुपदेशकाच्या दृष्टीने ही वर्गवारी फार उपयोगाची आहे, कारण दांपत्य कोणत्या पायरीवर उभे आहे हे त्यावरून ओळखता येते. मराठीतही राग, रुसवा, धुसफूस, अबोला, संताप हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. अबोला हा आवाज नसलेला राग आहे आणि घरात आरडाओरड नाही म्हणून सर्व ठीक आहे, असे मानणारा समुपदेशक येथेच फसतो.

सूर्यास्ताच्या मुदतीचा शब्दशः अर्थ घेतल्यानेही नुकसान होते. थकलेल्या दोघांना मध्यरात्रीपर्यंत जागवून तोडगा काढण्याचा आग्रह धरणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे दांपत्यांच्या संवादांचे निरीक्षण केले. तीव्र वादात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले की माणसाची ऐकून घेण्याची शक्ती क्षीण होते आणि शरीर शांत होण्यास किमान वीस मिनिटांची विश्रांती लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याकोबाच्या पत्रातील ऐकण्यास त्वरा करावी, बोलण्यास व रागास विलंब लावावा, हा उपदेश याच्याशी जुळणारा आहे. दांपत्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कधीच पूर्णपणे सुटत नाहीत, ते सांभाळत जगावे लागते, हाही गॉटमन यांचा निष्कर्ष आहे. सर्व भांडणे मिटवू पाहणाऱ्या उत्साही पाळकाने तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

टिळक दांपत्याचे उदाहरण

महाराष्ट्रातील ख्रिस्ती दांपत्यजीवनाचा सर्वांत प्रांजळ आलेख लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आढळतो. १९३४ पासून हा ग्रंथ भागशः प्रसिद्ध झाला. वाङ्मयीन गुणांसाठी त्याची चर्चा भरपूर झाली, परंतु दांपत्यसंघर्षाचा दस्तऐवज म्हणून त्याकडे फारसे पाहिले गेले नाही. नारायण वामन टिळक शीघ्रकोपी होते, लहरी होते, घरात काय आहे याचा विचार न करता दुसऱ्याला देऊन टाकणारे होते आणि मनात येईल तेव्हा घराबाहेर पडणारे होते. लक्ष्मीबाईही मुकाट्याने सोसणाऱ्या नव्हत्या.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा दुरावा साध्या भांडणाचा नव्हता. धर्म, जात, माहेर-सासर आणि लहानग्या दत्तूचा ताबा हे सर्व त्यात गुंतले होते. सुमारे पाच वर्षे दोघे विभक्त राहिली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे-ओवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवली आणि टिळकांनी ते चालू दिले. जातिभेदाविषयीचा त्यांचा विचार त्यानंतर, त्यांच्याच गतीने बदलला आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनाक्रमातून समुपदेशनाच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट होते. समेट झाला तो एका पक्षाने शरणागती पत्करल्यामुळे नव्हे. एकाच संसारात दोन चुली मान्य केल्यावर, म्हणजे बदलाची सक्ती सुटल्यावर तो झाला. टिळकांचा स्वभाव यानंतर पालटला, असे मात्र म्हणता येत नाही. त्यांचा तापटपणा पुढेही राहिला आणि लक्ष्मीबाईंनी तो विनोदाच्या अंगाने टिपला. शिवाय हे जोडपे अपवादात्मक होते. लक्ष्मीबाईंना आश्रय देणारे नातलग होते आणि स्वतःचा आवाज होता. ज्या स्त्रीजवळ यांपैकी काहीच नाही, तिला 'लक्ष्मीबाईंसारखे वाग' असे सांगणे अन्यायाचे ठरेल.

समुपदेशनाची प्रक्रिया

सामान्यतः समुपदेशक प्रथम पती व पत्नी यांना स्वतंत्रपणे भेटतो आणि त्यानंतर एकत्र बसवतो. स्वतंत्र भेट टाळणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण मारहाण होत असल्यास पत्नी ती पतीसमोर सांगत नाही. एकत्र बैठकीत बोलणाऱ्याने एका वेळी एकच मुद्दा मांडायचा, ऐकणाऱ्याने त्याचे खंडन न करता तो आपल्या शब्दांत परत सांगायचा आणि मग भूमिका बदलायच्या, ही पद्धत वापरली जाते. डेन्व्हर विद्यापीठातील हॉवर्ड मार्कमन आणि स्कॉट स्टॅन्ली यांनी विकसित केलेल्या विवाह-प्रशिक्षणात तिला मध्यवर्ती स्थान आहे व ख्रिस्ती मंडळ्यांसाठी त्या प्रशिक्षणाची वेगळी आवृत्तीही तयार झाली आहे. उदाहरणार्थ, पत्नी म्हणते, "अहो, आईंसमोर तुम्ही मला बोललात, ते मला लागलं." पतीची सवयीची प्रतिक्रिया "मग तू आधी काय बोललीस?" अशी असते. त्याऐवजी "मी आईसमोर बोललो म्हणून तुला लागलं, असं तू म्हणतेस," एवढेच त्याने म्हणायचे. हे वाक्य साधे दिसते, परंतु बऱ्याच पुरुषांना ते उच्चारणे जड जाते.

प्रार्थनेचे स्थान या प्रक्रियेत कोठे असावे, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील जे अ‍ॅडम्स यांनी १९७० मध्ये बायबलाधारित समुपदेशनाचा पुरस्कार करताना मानसशास्त्रावर कडक टीका केली. अन्य अभ्यासक दोहोंचा मेळ घालतात. व्यवहारात बैठकीच्या आरंभी केलेली प्रार्थना दोघांचा आवाज खाली आणते, परंतु प्रार्थनेतूनच एकाला टोमणा मारण्याचे कसबही काही जणांना साधलेले असते. 'देवा, हिला नम्रता दे' ही प्रार्थना नव्हे, ती तक्रार आहे आणि समुपदेशकाने तिची नोंद तक्रार म्हणूनच घ्यावी.

क्षमा आणि सुरक्षितता

क्षमा, समेट आणि पुन्हा एकत्र राहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघांची गरज लागते. एकत्र राहण्यासाठी त्याशिवाय सुरक्षिततेची खात्री हवी. एव्हरेट वर्दिंग्टन या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञाने निर्णयाच्या पातळीवरील क्षमा आणि भावनेच्या पातळीवरील क्षमा असाही भेद केला आहे. सूड न घेण्याचा निर्णय एका दिवसात होऊ शकतो, मनातील कडवटपणा जाण्यास वर्षे लागतात. पहिलीच्या बळावर दुसरीची सक्ती करणे, आणि दोन्हींच्या बळावर स्त्रीला त्याच घरात परत धाडणे, हा क्षमेच्या शिकवणीचा गैरवापर होय.

त्याला धर्मग्रंथाचा आधारही नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात अपराध्याशी आधी एकांतात बोलावे, मग साक्षीदार न्यावेत, अखेर मंडळीला सांगावे, असा क्रम आहे. तो दोन भावांमधील, म्हणजे बरोबरीच्या नात्यातील अपराधासाठी सांगितला आहे. मारणाऱ्या पतीशी एकांतात बोलायला पत्नीला पाठवणे हा त्याचा अर्थ होऊ शकत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विभक्त झालेल्या पत्नीची स्थिती गृहीत धरलेली आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ११५३ नुसार जोडीदाराकडून शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असल्यास विभक्त राहण्यास योग्य कारण मिळते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक दस्तऐवजात अशी फारकत कधी कधी नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते, असे मान्य केले.

देशाच्या कायद्याने या बाबतीत अधिक स्पष्ट रेषा आखली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १४ प्रमाणे दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. २००६ च्या नियमांनुसार अशा समुपदेशनात पतीला हिंसेचे समर्थन करू दिले जात नाही आणि हिंसा न करण्याची हमी त्याच्याकडून घेतली जाते. ख्रिस्ती समुपदेशकाने हाच नियम आपल्या बैठकीतही लावल्यास धर्मतत्त्वाला कोणतीही बाधा येत नाही. उलट पश्चात्तापाची कसोटी शब्दांत नसून आचरणात असते, हे त्याचेच तत्त्व आहे. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट अधिनियमात २००१ च्या दुरुस्तीपर्यंत परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद नव्हती आणि पत्नीला केवळ क्रूरतेच्या आधारावर घटस्फोट मिळत नसे, हेही येथे नमूद केले पाहिजे. 'सहन कर' या सल्ल्यामागे दीर्घकाळ कायद्याचीही कोंडी होती. ती आता उरलेली नाही.

ग्रामीण मराठवाड्याचा संदर्भ

जालना जिल्ह्यात ख्रिस्ती वस्तीची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामी राजवटीत जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली. १९७७ मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. तथापि भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या मोठ्या बाजारपेठेच्या गावी ख्रिस्ती वा बिगरख्रिस्ती, कोणत्याच दांपत्याला प्रशिक्षित विवाह-समुपदेशक सहजी उपलब्ध होत नाही. शहरातील मंडळीसाठी तयार झालेली आठवड्याला एक बैठक, घरी करायचा स्वाध्याय, ही रचना येथे जशीच्या तशी चालत नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांमध्ये पती-पत्नी मिळून 'एक कोयता' मोजला जातो आणि उचल दोघांच्या नावाने घेतली जाते. दिवाळीच्या सुमारास निघालेले जोडपे उन्हाळ्यात परतते. अशा संसारातील रागाचे मूळ बहुधा स्वभावापेक्षा उचलीच्या हिशेबात, तिच्या कष्टाची मजुरी त्याच्या हाती पडण्यात आणि दारूत असते. तेथे केवळ गोड बोलण्याचे तंत्र शिकवणे अपुरे आहे. उचलीची रक्कम दोघांसमोर मोजली जाईल का, हा प्रश्न समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीतच यावयास हवा.

दुसरी अडचण पाळकाची स्वतःची आहे. लहान मंडळीत तो कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी साडू असतो. उपरोक्त २००६ च्या नियमांत पक्षकारांशी नाते वा हितसंबंध असलेल्या व्यक्तीला समुपदेशक नेमता येत नाही. अशा वेळी शेजारच्या मंडळीच्या पाळकाकडे प्रकरण सोपवणे आणि मारहाणीची शंका येताच जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला अथवा १८१ या महिला हेल्पलाइनला कळवणे, ही दोन कामे तरी त्याच्या हातची आहेत. हंगामावर निघणाऱ्या जोडप्याच्या बाबतीत तो क्रमांक पत्नीच्या स्वतःच्या फोनमध्ये आहे की पतीच्या, एवढी चौकशी निघण्यापूर्वीच झालेली असावी.