नाव नसलेली मुलगी



२ राजे ५ व्या अध्यायात अरामी सेनापती नामान याची गोष्ट आहे. त्याला कोड होते. बरे होण्याची वाट दाखवली ती घरातल्या दासीने. लढाईत धरून आणलेली ती लहान मुलगी. शास्त्रात तिचे नावही नाही. संदेष्टा कोठे आहे एवढेच तिने धनिणीला सांगितले, आणि पुढचे सारे घडले.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. त्यांनी खेड्यांतल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले. त्यांत पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, मुलांचे जुलाब, कुष्ठरोग यांकडे त्या लक्ष देऊ लागल्या. डॉक्टर अधूनमधून येतो, शेजारीण रोज असते. म्हणून हे साधले.

मलकापूरहून आपण जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांत जातो. कोणती बाई अवघडली आहे, कोणते लेकरू तापाने फणफणले आहे, हे आपल्याआधी तिथल्या एखाद्या आजीला ठाऊक असते. औषधाची पेटी उघडण्याआधी तिच्याजवळ बसू या. नामानाने दासीचे ऐकले, म्हणूनच तो बरा झाला.