जाहिरातीत न छापलेलं भाडं

जून उजाडला की पुण्याच्या पेठांमधून आणि उपनगरांतून सामानाचे छोटे टेम्पो फिरू लागतात. वर गुंडाळलेली गादी, बादली, प्लॅस्टिकची खुर्ची आणि सुतळीनं आवळलेली पुस्तकांची खोकी. कुणी नांदेडहून शिकायला आलेलं असतं, कुणी जळगावहून पहिल्या नोकरीला, तर कुणी बदली होऊन बायकापोरांसह. घर शोधताना या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: भाडं किती? खरं तर घर किती रुपयांत पडणार हे या प्रश्नातून फारसं कळत नाही. भाडं हा खर्चाचा दिसणारा भाग. उरलेला भाग डिपॉझिटमध्ये, एजंटच्या दलालीत, टँकरच्या पाण्यात, पेट्रोलमध्ये आणि घर सोडताना होणाऱ्या कपातीत विखुरलेला असतो. त्यातला बराचसा भाग कमी होणार की वाढणार हे ज्या कागदावर ठरतं, तो भाडेकरार मात्र घाईघाईत, न वाचता सही करून मोकळं होण्याची वस्तू मानला जातो. माझ्या मते नव्या शहरात येणाऱ्यानं हा क्रम उलटा करायला हवा. आधी करार, मग डिपॉझिट आणि शेवटी भाड्याची घासाघीस.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका वन बीएचकेचं भाडं १८ हजार आहे. डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ५४ हजार, एजंटला एका महिन्याचं भाडं, आणि घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली अर्ध्या महिन्याचं भाडं कापायचं, असं ठरलं. दुसऱ्या घराचं भाडं २० हजार आहे, पण ते मालकाकडून थेट मिळतंय, डिपॉझिट दोन महिन्यांचं आहे आणि रंगाची कपात नाही. ऐकताक्षणी पहिलं घर दोन हजारांनी स्वस्त वाटतं. आता दोन्ही घरं ११ महिने वापरली असं धरा. पहिल्या घरात दलालीचे महिन्याला १,६३६ रुपये पडले, रंगाचे ८१८ आणि अडकून पडलेल्या डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी व्याज ४५० रुपये. एकूण महिना जवळपास २०,९०० रुपये. दुसऱ्या घरात डिपॉझिटच्या व्याजाचे ३३३ रुपये धरूनही तो २०,३०० च्या आसपास येतो. म्हणजे स्वस्त वाटलेलं घरच महाग निघालं. याच पहिल्या घरात कुणी ३३ महिने राहिलं आणि नूतनीकरणाला पुन्हा दलाली द्यावी लागली नाही, तर तीच दलाली महिन्याला ५४५ रुपयांवर येते. घर बदलणं हा भाड्यानं राहण्यातला सर्वांत महागडा व्यवहार आहे. म्हणून ‘किती महिने राहू देणार आणि दरवर्षी किती वाढवणार’ हा प्रश्न पाचशे रुपये कमी करून घेण्यापेक्षा मोलाचा ठरतो.

डिपॉझिटवर व्याज धरणं हा ओढूनताणून केलेला हिशेब आहे, असं काहींना वाटेल. पैसे परत तर मिळणारच आहेत, मग तो खर्च कसला? पण सरकार स्वतः तसं मानत नाही. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करारावरचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के लागतं, आणि त्या ‘एकूण’मध्ये परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याजही मिळवलं जातं. मुद्रांक कायद्याच्या नजरेत डिपॉझिट म्हणजे वेगळ्या रूपात दिलेलं भाडंच आहे. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरांसाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांचं भाडं अशी सुचवलेली आहे. मात्र तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा प्रकार चालतो. त्यात भाडं नाममात्र किंवा शून्य असतं आणि मालकाकडे काही लाख रुपये ठेवायचे असतात. दर महिन्याची कटकट नाही म्हणून गावाकडची जमीन किंवा दागिने मोडून आलेल्या कुटुंबाला तो सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात ते मालकाला दिलेलं बिनतारण कर्ज असतं. मालकानं तो फ्लॅट बँकेकडे गहाण ठेवलेला असेल आणि हप्ते थकले, तर बँकेचा हक्क आधी येतो आणि भाडेकरू रांगेत मागे राहतो. हा व्यवहार करायचाच असेल तर फ्लॅटवर कर्ज आहे का, हे तपासल्याशिवाय आणि पूर्ण रक्कम करारात लिहून घेतल्याशिवाय करू नये. त्यातला एक रुपयाही रोखीत देऊ नये.

पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं चालतं, असा एक ठोकताळा आपल्याकडेही आता सर्रास सांगितला जातो. त्याचं मूळ अमेरिकेत आहे. तिथल्या सरकारी घरांमधल्या भाड्याला १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. गरीब कुटुंबाकडून सरकारनं जास्तीत जास्त किती घ्यावं, याची ती रेषा होती. पुण्यात पहिल्या नोकरीला लागलेल्या मुलीनं घर कुठे घ्यावं, हे त्या रेषेवरून कळत नाही, कारण तिच्या खर्चात रस्ता आणि पाणी हे दोन मोठे आकडे आहेत. कचेरी २० किलोमीटरवर असेल तर महिन्याच्या २४ दिवसांत दुचाकी ९६० किलोमीटर धावते. लिटरला ४५ किलोमीटर धरले तरी २१ लिटरच्या वर पेट्रोल लागतं, आणि पेट्रोल शंभरीच्या पलीकडे आहे. सव्वादोन हजार रुपये इथेच गेले, टायर आणि सर्व्हिसिंग वेगळं. जायला एक आणि यायला एक तास धरला तर महिन्याचे ४८ तास, म्हणजे आठ तासांचे सहा पूर्ण दिवस रस्त्यावर गेले. पीएमपीच्या थेट बसच्या किंवा मेट्रो स्थानकाच्या चालत्या अंतरावरचं घर दोन हजारांनी महाग असेल, तर ते महाग नाही.

पाण्याचं तर विचारायलाच नको. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. वाघोली, पिसोळी, सूस, म्हाळुंगे ही त्यांतलीच. हद्द कागदावर एका दिवसात बदलते, जलवाहिनीला वर्षं लागतात. मधल्या काळात तिथल्या अनेक सोसायट्या टँकरवर चालतात, आणि तो खर्च मेंटेनन्समधून कुणाच्या ना कुणाच्या खिशातून जातोच. ऑक्टोबरमध्ये घर बघायला गेलेल्याला नळ धो धो वाहताना दिसतो. एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात, हे मालकाला नव्हे तर शेजाऱ्यांना आणि वॉचमनला विचारावं. हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गिलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा तपासाचा रोख पाण्याच्या नमुन्यांकडेच वळला होता.

आता कराराकडे. ‘अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणीची गरज नाही’ हा समज महाराष्ट्रात इतका घट्ट आहे की शिकलेसवरलेले लोकही तो बोलून दाखवतात. त्याचा उगम १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते, म्हणून अकराचा आकडा रुळला. पण ३१ मार्च २००० पासून आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे, आणि त्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो की तीन. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टँपपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. वरच्या उदाहरणाच्या जवळपास, म्हणजे २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट आणि ११ महिने मुदत धरली, तर मुद्रांक शुल्क ५६४ रुपये होतं. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. आधारवर अंगठा घेऊन घरबसल्या नोंदणी करून देणाऱ्याची मजुरी धरली तरी दलालीच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे. एवढ्यासाठी नोंदणी टाळणारा मालक नेमकं काय वाचवतोय, हा विचार भाडेकरूनं जरूर करावा.

मालकांची बाजू मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांच्या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. त्यातून सुटायला मालकांनी लीव्ह अँड लायसन्सची वाट काढली, तर १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारीला परवान्यावर राहत असलेले लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. ज्यांनी ते पाहिलं, त्यांनी पुढच्या पिढीला एकच सांगितलं: घर रिकामं ठेवा, पण भाड्यानं देऊ नका. भारतातल्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं, आणि त्याच २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये एक कोटीहून जास्त घरं कुलूपबंद आढळली. स्वतःचं घर घेणाऱ्यांची वाढती संख्या, गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट ही कारणंही आहेतच, पण ही भीतीही त्यात आहे. आज मात्र कायदा बदललेला आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते, आणि मालकाला दिवाणी न्यायालयाच्या फेऱ्या न मारता सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. लेखी करारातल्या गोष्टी तिथे निर्णायक पुरावा मानल्या जातात. उलट करार नोंदवलेलाच नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, जोवर मालक ते खोटं ठरवत नाही. नोंदणी टाळणारा मालक, ज्या संकटाला भितो त्यालाच दार उघडून देतो. भाडेकरूनं हे मालकाला समजावून सांगावं. धमकीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

खरा जड आक्षेप वेगळा आहे. हे सगळं पन्नास-साठ हजार पगारवाल्यांना ठीक, पण सदाशिव किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यानं कुणाशी आणि कशाच्या जोरावर घासाघीस करायची? एका खोलीत चार कॉट, अभ्यासिकेची फी वेगळी, मेसचा डबा वेगळा. जागेच्या मानानं पाहिलं तर सर्वांत महाग भाडं तोच देतो आणि त्याच्याकडे साधी पावतीही नसते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ज्याला उद्याच्या उद्या कॉट हवी आहे आणि ज्याच्या मागे आणखी दहा जण उभे आहेत, त्याला कायद्याचं ज्ञान फार दूर नेत नाही. पण ‘पीजीला काही कागद लागत नाही’ हे उत्तर त्यानं निमूट ऐकून घेऊ नये. भाडे नियंत्रण कायद्याच्या व्याख्येत पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः जिथे राहतो त्याच जागेचा काही भाग ज्याला दिला आहे तो. मालक कोथरूडला राहतो आणि पेठेतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये आठ मुलं राहतात, तर दारावर पीजीची पाटी लावल्यानं ते पीजी होत नाही. आणि काहीच मिळालं नाही तरी डिपॉझिट आणि भाडं यूपीआयनं देणं, त्यात महिना लिहिणं आणि ‘डिपॉझिट इतके मिळाले, सोडताना इतके परत’ असा मालकाचा एक मेसेज मिळवणं, एवढं तर बिनखर्चाचं आहे. विद्यार्थ्यांसाठी पुरेशी वसतिगृहं उभारणं हे सरकारचं आणि विद्यापीठांचं काम आहे. ते होत नाही तोवर हा कॉटचा बाजार असाच तेजीत राहणार.

सोसायटीचाही एक शब्द. ‘भाडेकरू आहात, जास्त मेंटेनन्स द्या’ असं सांगितलं जातं तेव्हा ती मनमानी रक्कम नसते, नसावी. सभासद स्वतः राहत नसेल तर घ्यायचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा आदेश १ ऑगस्ट २००१ पासून आहे. ते शुल्क सभासदाकडून घ्यायचं असतं. भाडेकरूनं ते का आणि किती भरायचं, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

करारात पाहायच्या जागा थोड्याच असतात. लॉक-इन किती महिन्यांचा आहे आणि तो फक्त भाडेकरूला बांधतो की मालकालाही. नोटीस दोघांना सारखी आहे का. गिझर, मोटर, गळका पाइप यांची दुरुस्ती कुणी करायची. मुदतीनंतर राहायचं ठरलं तर वाढ किती टक्के. आणि सर्वांत जास्त भांडणं ज्यावरून होतात ते कलम, डिपॉझिट कधी परत. ‘घर सोडल्यानंतर’ या दोन शब्दांवर महिनोन्‌महिने काढता येतात. त्याच धास्तीनं कित्येक भाडेकरू शेवटच्या दोन महिन्यांचं भाडंच थांबवतात, मग मालक पुढच्या भाडेकरूकडून डिपॉझिट वाढवून मागतो आणि भुर्दंड नव्या माणसावर पडतो. त्याऐवजी ‘चावी आणि डिपॉझिटची रक्कम एकाच वेळी द्यावी-घ्यावी, कपात फक्त थकीत बिलं आणि लेखी दाखवलेल्या नुकसानीची’ असं एक वाक्य घालून घ्यावं. सोबत राहायला जाण्याच्या दिवशीचे भिंतींचे, फरशीचे, नळांचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढून, सामान आत नेण्यापूर्वीच, मालकाला पाठवून ठेवावेत.