सूत कुणाच्या हाती?

बऱ्हाणपूरच्या सहकाराचा आढावा साखरेपासून सुरू करायचा, असा रिवाज आहे. नवलसिंह कारखान्याच्या निवडणुकांवर वर्तमानपत्रं पुष्कळ लिहितात, पतसंस्थांचे अहवाल सगळे सारखेच असतात. दोघांनाही नमस्कार करून मी मागाकडे वळतो.

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावर्निये इथून गेला, तेव्हा इथलं कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जात होतं. व्याख्यानांतून हे मोठ्या अभिमानाने सांगतात. त्या कापडाचा भाव ठरवत कोण होतं, हे कुणी विचारत नाही. आज यंत्रमागावर बकरम आणि ग्रे कापड निघतं, प्रश्न तोच आहे. चार मागांचा धनी सूत उधारीवर उचलतो, नाहीतर मजुरीवर विणतो; तागा जातो त्याच शेठच्या पेढीवर. सूत घेताना बाजार तेज असतो आणि कापड देताना मंदा!

तरुणपणी मी एका विणकर सोसायटीची वही लिहीत असे. गाठी उतरल्या की ओट्यावर काटा टांगायचा. मोमीनपुऱ्यातले एक चाचा लडीतला धागा ओढून दोन बोटांत पीळ उलगडत आणि काउंट सांगत. लेबल आम्ही मागाहून बघायचो. त्या सोसायट्यांची मुळं 1943च्या सूत नियंत्रणात होती. कोट्याचं सूत मिळावं म्हणून माणसं सभासद झाली, नियंत्रण उठलं तशी पांगली. कापड एकत्र विकण्याची सवय त्यांना कुणी लावलीच नव्हती. माझं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: कर्ज मागाहून, आधी सूत आणि विक्री.

‘सहकार महाराष्ट्राच्याच मातीत रुजतो,’ असं म्हणणारे विद्वान आमच्याकडे कमी नाहीत. त्यांनी इचलकरंजी बघावी. विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग 1904 साली आणला. पुढे मागवाल्यांनीच डेक्कन सहकारी सूतगिरणी उभी केली. मातीचा इथे काय संबंध? सूत हाती यायला हवं, हे त्यांनी ओळखलं. नंतर राज्यभरच्या सूतगिरण्या सरकारी भागभांडवलावर जगू लागल्या, हेही खरं. पण ते दुखणं विणकरांनी आणलेलं नव्हतं.

आता केळीची चलती आहे. खोडाच्या धाग्यापासून बायकांचे बचत गट टोपल्या-पिशव्या करतात, ते मला मनापासून आवडतं. उत्पादक कंपन्यांचंही पेव फुटलंय. त्यांतल्या कितीजणी माल स्वतः विकतात, असं विचारलं की बैठकीत चहा येतो.

2017च्या पॉवरटेक्स योजनेत यार्न बँक होती. विणकरांनी गट करायचा, सरकारने बिनव्याजी निधी द्यायचा, सूत घाऊक घ्यायचं. मी ज्याचा धोशा लावला होता, तेच! आमच्या मोहल्ल्यात त्यासाठी सभा भरली. दोन तास अध्यक्ष कोण यावर गेले. मग कुणीतरी उधारी देणाऱ्या शेठचंच नाव सुचवलं, आणि चारही बाजूंनी टाळ्या पडल्या.